ब्लू बॉटल : एक प्राणी की प्राण्यांची वसाहत?

शंखशिंपले

पाऊस चांगला लागला आणि पश्चिमेचा वारा जोरात सुटला की जुहू, वर्सोवा, गिरगाव चौपाटीच्या वाळूवर निळसर, पारदर्शक फुगे येऊन पडतात. बोटभर लांबीचा फुगा, वरच्या कडेला गुलाबी झाक, खाली लोंबणारा गडद निळा दोरा. बातम्यांत त्याला 'विषारी जेलीफिश' म्हणतात. हात लावू नका ही सूचना अगदी योग्य, पण ती जेलीफिश नव्हे. ती नेमकी काय आहे हे इतकं विलक्षण आहे की त्यावर स्वतंत्र धागा काढावासा वाटला.

जेलीफिश म्हणजे एक शरीर आणि एक तोंड. ब्लू बॉटल, म्हणजेच फायसेलिया, ही सायफोनोफोर गटातली. हायड्रा आणि प्रवाळ ज्या संघात येतात त्याच संघातली. तिच्यात बरेच घटक एकमेकांना जोडलेले असतात, त्यांना झूऑइड म्हणतात. काही झूऑइड फक्त खातात. त्यांना तोंड आहे, पोट आहे, पण शिकार पकडायला काहीच नाही. काहींपाशी लांबलचक दोरा आहे, ते मासा पकडतात, पण त्यांना तोंड नाही. काहींकडे फक्त प्रजननाचं काम. दोऱ्याने पकडलेला छोटा मासा आखडत वर आणला जातो, मग खाणाऱ्या झूऑइडांची तोंडं त्याला चिकटतात, पातळ होऊन त्याच्यावर पसरतात आणि त्याला पूर्ण झाकून टाकतात. पचलेलं अन्न सगळ्यांना जोडणाऱ्या सामाईक पोकळीतून फिरतं, त्यामुळे ज्यांना तोंड नाही त्यांचंही पोट भरतं. वरचा फुगा मात्र झूऑइड नाही. तो सुरुवातीच्या अळीच्याच एका टोकापासून बनतो, आणि त्यातली एक ग्रंथी कार्बन मोनॉक्साइड तयार करून तो भरते.

आता पेच असा. शाळेत आपण पेशी, ऊती, अवयव, अवयवसंस्था आणि शेवटी सजीव अशी चढती रचना शिकतो. माणूस किंवा बैल त्यात नीट बसतो. ब्लू बॉटलमधला खाणारा झूऑइड कुठे बसवायचा? त्याची शरीररचना पाहिली तर तो आख्ख्या हायड्रासारखा आहे, स्वतःच्या ऊती, स्वतःचं पोट. म्हणजे तो 'सजीव' पायरीवर हवा. पण काम पाहिलं तर तो सरळसरळ पोट आहे, म्हणजे 'अवयव'. तोडून बाजूला ठेवला तर स्वतःच्या बळावर जगून वाढणार नाही.

हा वाद दीडशे वर्षांहून जुना आहे. इंग्रज जीवशास्त्रज्ञ थॉमस हक्सली १८४६ ते १८५० या काळात रॅटलस्नेक जहाजावर सहायक शल्यविशारद होता, आणि त्या प्रवासात त्याने हे प्राणी बारकाईने अभ्यासले. त्याचं म्हणणं, एका फलित अंड्यातून जे जे निर्माण होतं ते सगळं मिळून एकच प्राणी. झूऑइड हे त्याचे अवयव. जर्मनीत प्राणिशास्त्रज्ञ लॉइकार्टने उलट बाजू घेतली : ही वसाहत आहे आणि सदस्यांनी कामं वाटून घेतली आहेत. हक्सली आपल्या नियमाला इतका धरून होता की त्याने तो पिकावरच्या माव्यालाही लावला. माव्याची मादी नराशिवाय पिल्लांवर पिल्लं देत जाते, तेव्हा एका अंड्यापासून सुरू झालेली ती सगळी फौज म्हणजे त्याच्या हिशोबाने एकच प्राणी! शेतभर पसरलेला मावा एक प्राणी मानायला मी तयार नाही. त्यातला प्रत्येक कीटक स्वतः खातो, स्वतः मरतो, शेजाऱ्याचं काही बिघडत नाही.

माझं मत सांगते. ब्लू बॉटल ही सजीवाच्या पायरीवर एकदा पोचली, आणि तिथून पुन्हा अवयव घडवत आणखी वर गेली. आपल्या शरीरात पेशींपासून अवयव झाले. तिच्यात आख्खे प्राणीच अवयव झाले. म्हणून शाळेतल्या पायऱ्या चुकीच्या नाहीत, पण वर जाण्याचा तो एकमेव रस्ता नाही.

तुम्हाला काय वाटतं? अशी आणखी उदाहरणं माहीत असतील तर जरूर लिहा.

गोडामसाला

फार सुंदर लिहिलंय ताई. वाचतेय. एक शंका : वाळूत पडून सुकलेली ब्लू बॉटलसुद्धा डसते असं ऐकलंय. मेलेला प्राणी डसेल कसा?

निदान

डसते, आणि त्याचं उत्तर याच धाग्याच्या विषयात आहे.

त्या निळ्या दोऱ्यावर हजारो दंशपेशी असतात. प्रत्येक पेशीच्या आत एक सूक्ष्म कुपी, कुपीत गुंडाळलेली पोकळ नळी आणि विष. स्पर्श आणि विशिष्ट रसायनं यांची खूण पटली की कुपी फुटते आणि नळी बाहेर फेकली जाते. हायड्राच्या दंशपेशीत हा क्षण मोजला गेला आहे : साधारण ७०० नॅनोसेकंद. सजीवांमधल्या सर्वांत वेगवान हालचालींपैकी ही एक. महत्त्वाचं म्हणजे त्यासाठी मेंदूची आज्ञा लागत नाही, आणि ब्लू बॉटलला मेंदू नाहीच. पेशी आपला निर्णय आपण घेते. त्यामुळे प्राणी मेला, दोरा तुटून वेगळा झाला, तरी कुप्या शाबूत असेपर्यंत दंश होऊ शकतो. सजीवाचा मृत्यू आणि त्याच्या पेशींचा मृत्यू एकाच वेळी होत नाही, हे इथे त्वचेवर कळतं.

किनाऱ्यावर जाणाऱ्यांसाठी : चोळू नका, वाळू घासू नका, गोड्या पाण्याने धुऊ नका. चिकटलेला दोरा चिमट्याने किंवा हातमोजा घालून काढा, समुद्राच्या पाण्याने धुवा, मग सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवून ठेवा. लघवीचा उपाय पूर्ण निरुपयोगी आहे. व्हिनेगरबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत. श्वास घ्यायला त्रास, छातीत दुखणं, चक्कर, किंवा दंश डोळ्याजवळ असेल, लहान मूल असेल, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता तडक रुग्णालय गाठा.

दक्षिणगोलार्ध

सिडनीतून लिहितेय. इथे उन्हाळ्यात ईशान्येचा वारा सुटला की ब्लू बॉटल येतातच, त्यामुळे मुलांना पोहायला शिकवतानाच हे शिकवतात. गरम पाण्याला डॉक्टरांच्या मताइतकाच चाचणीचाही आधार आहे. ऑस्ट्रेलियातच ब्लू बॉटलचा दंश झालेल्या लोकांवर चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २००६ मध्ये छापून आले : २० मिनिटांनंतर ४५ अंश गरम पाणी वापरलेल्यांपैकी ८७ टक्के लोकांच्या वेदना कमी झाल्या, बर्फ लावलेल्यांपैकी ३३ टक्क्यांच्या.

आणि सायफोनोफोरचं आणखी एक. २०२० मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या निंगालू भागातल्या खोल समुद्रात संशोधकांना एक प्रचंड सायफोनोफोर दिसला, वेटोळं घालून तरंगणारा. त्याच्या फक्त बाहेरच्या कड्याची लांबी अंदाजे ४७ मीटर भरली. निळ्या देवमाशापेक्षा लांब! तो एक प्राणी मानायचा की वसाहत, यावर 'जगातला सर्वांत लांब प्राणी' कोण हे ठरतं.

सरळरेषा

लेख आवडला, पण मला यात वादाचं काही दिसत नाही. सगळे झूऑइड एकाच अंड्यातून आले, सगळ्यांची जनुकं सारखी, कोणी एकटा जगत नाही. माझं यकृतही असंच एका अंड्यातून आलं आणि एकटं जगत नाही. त्याला कोणी 'वसाहतीतला सदस्य' म्हणत नाही. मग झूऑइडला अवयव म्हणा आणि विषय संपवा. वसाहत हा शब्द हवाच कशाला?

शंखशिंपले

@सरळरेषा, प्रश्न रास्त आहे. यकृत आणि झूऑइड यांची आजची नोकरी सारखी आहे, पण दोघांचा इतिहास वेगळा. आपल्या पूर्वजांमध्ये यकृत कधी सुटं फिरत नव्हतं. झूऑइडाचे पूर्वज मात्र सुटे प्राणी होते, आणि हे फक्त अनुमान नाही, मधल्या अवस्था आजही जिवंत आहेत.

ज्यांनी प्राणिशास्त्रात बी.एस्सी. केलंय त्यांना प्रॅक्टिकलची ओबेलियाची स्लाइड आठवेल. फांद्या फुटलेली वसाहत, आणि तिच्यावर दोन प्रकारचे झूऑइड : खाणारे आणि प्रजननाचे. ओबेलियातल्या खाणाऱ्या झूऑइडला स्वतःचं तोंड आणि स्वतःची शुंडकं (शिकार पकडणारे दोरे) दोन्ही आहेत. पकडणं आणि खाणं एकाच्याच हाती. त्याच्या अलीकडे हायड्रा. हायड्राच्या अंगावर कळी फुटते, वाढते, आणि सुटून स्वतंत्र जगू लागते. ती कळी सुटलीच नाही तर वसाहत. त्या वसाहतीत कामं वाटली गेली तर ओबेलिया. वाटणी इतकी टोकाला गेली की पकडणारा वेगळा आणि गिळणारा वेगळा, तर ब्लू बॉटल. इतर बहुतेक सायफोनोफोरांत खाणाऱ्या झूऑइडलाच शुंडक जोडलेलं असतं. फायसेलियात तेही वेगळं झालं आहे.

शिवाय या वसाहतीत नवीन झूऑइड कुठेही फुटत नाहीत. ठरलेल्या जागी, ठरलेल्या क्रमाने फुटतात. आपल्या गर्भात हात-पाय जसे ठरलेल्या जागी येतात तितकी ही शिस्त काटेकोर आहे. म्हणून मी तिला आज एक प्राणी म्हणते. पण वसाहत हा शब्द काढून टाकला तर ती एक प्राणी कशी झाली हेच सांगता येणार नाही.

सरळरेषा

हायड्रा ते ओबेलिया ते ब्लू बॉटल हा क्रम पटला. तरी 'आज ती काय आहे' याचं उत्तर इतिहासावरून देऊ नये असंच मला वाटतं.

खाडीकाठ

आमच्या मालवणच्या किनाऱ्यावरून पायऱ्यांच्या दुसऱ्या टोकाचं उदाहरण देतो. ओहोटीला खडकांवर कॉलर्पा नावाचं हिरवं शेवाळ दिसतं. रत्नागिरीला आणि गोव्यातही आहे. खडकावर सरपटणारं खोडासारखं अंग, त्याला खाली मुळांसारखे तंतू, वर पानांसारखे पाते, काही जातींत द्राक्षांच्या घडासारखे मणी. कोणीही बघून म्हणेल, मूळ, खोड, पान, सगळं व्यवस्थित आहे.

पण त्याच्या आत पेशीभित्तिकांनी पाडलेले कप्पे नाहीत. ते सगळं एकच पेशी आहे! केंद्रकं असंख्य, पण वाहत्या पेशीद्रवात मोकळी. काही जातींची ही एक पेशी मीटरभराहून लांब वाढते. तुटली तर सगळा पेशीद्रव सांडून जायला हवा, पण जखमेपाशी चटकन बूच तयार होतं आणि तुटलेला तुकडा नवं झाड म्हणून वाढू लागतो.

म्हणजे इथे पेशी आहे, अवयवांसारखे भाग आहेत, पूर्ण सजीव आहे, आणि मधली ऊतीची पायरीच नाही. पेशी या विटा आणि सजीव ही इमारत असं आपण धरून चालतो, पण विटांशिवायही घर उभं राहतं हे त्या खडकावर दिसतं. मला तरी यावरून असं वाटतं की आकार घडवण्याची शक्ती पेशींच्या संख्येत नाही. मोठं व्हायला पेशींची विभागणी हा एक मार्ग आहे, फार यशस्वी मार्ग आहे, इतकंच.

गोडामसाला

माझ्या आयडीला साजेसं उदाहरण देते : दगडफूल. गोड्या मसाल्यात आपण जे टाकतो ते फूल नाही आणि एक वनस्पतीही नाही. बुरशी आणि शैवाल यांनी मिळून केलेला तो एक संसार आहे. बुरशी आकार देते, ओलावा धरते, शैवाल उन्हात अन्न बनवतं. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ श्वेंडनर याने १८६७ मध्ये हे मांडलं तेव्हा दगडफुलांच्या नावाजलेल्या अभ्यासकांनी त्याला कडाडून विरोध केला होता. २०१६ मध्ये तर काही दगडफुलांच्या बाहेरच्या थरात यीस्टसारखी आणखी एक बुरशी सापडली, म्हणजे तिसरा भिडू.

इथे जनुकं वेगळी, कुळं वेगळी, तरी हातात येतो तो एकच तुकडा. ताई, तुमच्या हिशोबात हा एक सजीव की अनेक?

शंखशिंपले

अनेक. कारण प्रजननाची वेळ आली की फूट दिसते. दगडफुलावर जी भुकटी धरते तिच्या कणात बुरशीचे तंतू आणि शैवालाच्या पेशी एकत्र असतात, तेव्हा ते जोडीने पसरतात हे खरं. पण बुरशीचे बीजाणू एकटेच उडतात आणि जिथे पडतील तिथे त्यांना नवं शैवाल शोधावं लागतं. ज्यांची पुढची पिढी वेगवेगळी निघू शकते त्यांचं हित कायम एक राहील याची खात्री नाही. ब्लू बॉटलमधल्या पकडणाऱ्या झूऑइडला स्वतःची वेगळी संतती नाहीच. त्याच्यापाशी वेगळं निघण्याचा रस्ता नाही.

पशुचिकित्सक

वेगळं निघण्याच्या रस्त्यावरून एक प्रत्यक्षातली गोष्ट सांगतो. आम्हा पशुवैद्यांना ती रोजच्या कामात दिसते.

भटक्या कुत्र्यांच्या जननेंद्रियांवर कोबीच्या गड्ड्यासारखी, रक्त येणारी गाठ दिसते. हा कर्करोग आहे, पण त्या कुत्र्याच्या स्वतःच्या पेशींचा नाही. समागमाच्या वेळी जिवंत कर्कपेशी एका कुत्र्यातून दुसऱ्यात जातात आणि तिथे रुजतात. गाठीतला डीएनए ज्या कुत्र्याच्या अंगावर ती आहे त्याच्याशी जुळत नाही, आणि जगाच्या दुसऱ्या टोकाला सापडलेल्या गाठीशी जुळतो. कुत्र्याच्या पेशीत ७८ गुणसूत्रं असतात, या गाठीच्या पेशींत साधारण ५७ ते ६४.

याचा अर्थ असा की हजारो वर्षांपूर्वी एका कुत्र्याच्या शरीरातली एक पेशी त्या शरीराची शिस्त सोडून बाहेर पडली. तो कुत्रा केव्हाच मेला, त्याची पेशी अजून जगते आहे, जगभर फिरते आहे. प्राण्याच्या ऊतीतला एक घटक पुन्हा एकपेशीय परजीवी झाला. तुम्ही म्हणता त्या पायऱ्या उतरताही येतात.

उपचार आहे, आणि चांगला आहे : विनक्रिस्टिन या औषधाचं आठवड्याला एक इंजेक्शन, काही आठवडे. बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात. आपल्या गल्लीतल्या कुत्र्याला अशी गाठ दिसली तर त्याला हाकलू नका, जवळच्या पशुवैद्याला किंवा प्राणिमित्र संस्थेला कळवा. माणसाला तो रोग होत नाही.

वाचनमात्र

इतकी वर्षं फक्त वाचत होतो, आज लिहायला भाग पाडलंत. हजारो वर्षांपूर्वीच्या कुत्र्याची पेशी आजच्या कुत्र्यावर जगतेय हे वाचून अंगावर काटा आला. मग प्रश्न असा पडतो की आपल्या शरीरात हे रोज का होत नाही? इतक्या पेशींमधली एखादी फुटीर का निघत नाही?

फळा_खडू

@वाचनमात्र, निघते, वारंवार निघते, आणि बहुतेकदा तिथल्या तिथे संपवली जाते. बिघडलेली पेशी स्वतःहून मरते, किंवा प्रतिकारशक्ती तिला टिपते. माणसाच्या शरीरात स्वतःच्या सुमारे ३० लाख कोटी पेशी आहेत. इतक्या मोठ्या समूहात शिस्त टिकते याची दोन कारणं मी विद्यार्थ्यांना सांगत आले.

पहिलं, प्रत्येक पिढी एकाच पेशीपासून सुरू होते. हत्ती असो वा वडाचं झाड, बीजरूपात एक फलित पेशी. त्यामुळे शरीरातल्या सगळ्या पेशी एकमेकींच्या सख्ख्या, जनुकं तीच. माझ्या त्वचेची पेशी मुलाबाळांशिवाय मेली तरी तिचीच जनुकं अंड्यातून किंवा शुक्राणूतून पुढे जातात. त्यागात तिचं नुकसान नाही.

जिथे ही अट पाळली जात नाही तिथे काय होतं ते डिक्टिओस्टेलियम दाखवतो. मातीत राहणारा, सुट्या अमीबांचा हा जीव केनेथ रेपर यांना १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या जंगलाच्या पाल्यापाचोळ्यात सापडला. जिवाणू खायला आहेत तोवर प्रत्येक अमीबा आपापला. उपासमार सुरू झाली की ते एक रासायनिक हाक देतात, हजारो अमीबा एकत्र येतात, गोगलगाईसारखा एक मिलिमीटरभर लांबीचा देह बनवून सरपटतात, आणि शेवटी एक देठ उभा करून त्यावर बीजाणूंचा गोळा धरतात. देठात गेलेले, साधारण पाचातला एक, मरतात. बाकीचे बीजाणू होऊन वाचतात. पण हे अमीबा बाहेरून गोळा झालेले असतात, एका पेशीतून वाढलेले नाहीत. दोन वेगळ्या कुळांचे अमीबा मिसळले तर कधीकधी एक कूळ देठात कमी जातं आणि बीजाणूंत जास्त. दुसऱ्याच्या मरणावर आपला वंश वाढवतं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत विद्यानंद नंजुंडय्या यांनी याच जीवावर दीर्घकाळ काम केलं. मराठी मुलांना हे नाव माहीत असायला हवं, म्हणून मुद्दाम लिहिते.

दुसरं कारण, आपल्यासारख्या प्राण्यांत अंडी आणि शुक्राणू देणाऱ्या पेशी गर्भावस्थेतच बाजूला काढल्या जातात. यकृतातल्या पेशीने कितीही बंड केलं तरी ती पुढच्या पिढीत शिरू शकत नाही. तिचं बंड त्या शरीराबरोबर संपतं. पशुवैद्यांनी सांगितलेली कुत्र्याची पेशी या नियमातून निसटली म्हणून इतकी दुर्मिळ.

@सरळरेषा, तुमच्या प्रश्नाचं इतिहास बाजूला ठेवून उत्तर द्यायचं तर मी हीच कसोटी लावेन : घटकांना एकमेकांशी स्पर्धा करून काही मिळवण्याची सोय उरली आहे का? ब्लू बॉटलमध्ये ती उरलेली नाही. एक अंडं, एकच जनुकसंच, प्रजननाचं काम ठरावीक झूऑइडांकडे, आणि आख्खी वसाहत एक तर नर किंवा मादी.

सरळरेषा

ही कसोटी मला मान्य. तिच्यावर कॉलर्पाही एक ठरतो, ब्लू बॉटलही एक, दगडफूल अनेक, आणि डिक्टिओस्टेलियम अधलामधला. मधमाश्यांचं पोळं?

फळा_खडू

डिक्टिओस्टेलियमपेक्षा ब्लू बॉटलच्या जवळ, पण पूर्ण नाही. कामकरी माश्या बहिणी असल्या तरी राणी अनेक नरांशी मीलन करते, त्यामुळे जनुकं एक नाहीत. काही कामकरी माश्या चोरून अंडी घालतातही, आणि इतर कामकरी ती अंडी शोधून खाऊन टाकतात. इतका पहारा ठेवावा लागतो याचाच अर्थ स्पर्धेची सोय अजून शिल्लक आहे.

दक्षिणगोलार्ध

अजून एक विचारते. इथे म्हणतात की काही ब्लू बॉटल डाव्या असतात आणि काही उजव्या. हे खरं का?

शंखशिंपले

खरं आहे. फुग्यावरचा शिडासारखा पडदा मधोमध नसून तिरका असतो, आणि झूऑइडांचा झुपका फुग्याच्या एका बाजूला वाढतो. काहींत डावीकडे, काहींत उजवीकडे. पहिलं शुंडक फुटतं तेव्हाच ही बाजू ठरते आणि आयुष्यभर बदलत नाही. एकाच वाऱ्यात डाव्या एका दिशेला वाहतात आणि उजव्या दुसऱ्या, त्यामुळे वाऱ्याने सगळ्या एकदम किनाऱ्याला लागत नाहीत असं मानलं जातं.

आपल्या किनाऱ्यावर एका दिवशी आलेल्यांत डाव्या किती, उजव्या किती हे पाहायला मला फार आवडेल. जुहू, अलिबाग, गुहागर, मालवण, कळंगुट, जिथे कोणी असाल तिथे हात न लावता, फुगा वरून पूर्ण दिसेल असा फोटो काढा, तारीख, जागा आणि वाऱ्याची दिशा लिहा आणि याच धाग्यावर टाका.

खाडीकाठ

मालवणचे फोटो माझ्याकडे लागले. चिवला आणि तारकर्ली दोन्ही.